आधी पाणी

चौतीस वर्षं मी कॉटबुसच्या वीजघरात
बॉयलरपुढं उभी राहिले.
तपकिरी कोळसा, काचेच्या भोकातून दिसणारी पिवळी आग,
आणि तिकडं शहरात हजार न्हाणीघरांत गरम पाणी,
जिथं कुणाला माझं नाव ठाऊक नव्हतं.

निवृत्त झाले, हात रिकामे झाले,
तेव्हा ठरवलं, सॅलॅमँडर पाळायचा.
शाळेत ऐकलं होतं, जुनी माणसं म्हणायची
हा प्राणी आगीत जन्मतो.
वाटलं, आपल्याच खात्यातला दिसतोय.

इर्मट्राउट नोआक हसली नाही.
तिच्या तळघरात बावीस टाक्या,
ओल्या दगडाचा गार वास.
मेक्सिकोचा अ‍ॅक्सोलॉटल पाहून मी विरघळले:
कल्ल्यांचे गुलाबी तुरे, चेहऱ्यावर कायमचं हसू.
ती म्हणाली, हसत नाही तो, तोंडाची ठेवणच तशी.
तुझ्या तळघरात जुलैत किती डिग्री असतं?
मला सांगता येईना.
दर तासाला तापमान लिहिण्यात जन्म गेला,
स्वतःच्या घराचं एकदाही लिहिलं नव्हतं.

असं तिनं माझं पाणी जोखलं.
मग एका राखी, ओबडधोबड जोडीकडं बोट केलं.
मूळ स्पेनच्या विहिरींमधलं, जन्म याच तळघरातला.
रानातून धरलेलं कुणी स्वस्तात देऊ लागला
तर पाठ फिरव, म्हणाली.
कुशीवर नारिंगी ठिपक्यांची रांग,
ठिपक्याखाली बरगडीचं टोक.
फारच दाबलं कुणी, तर हा आपलीच बरगडी
आपल्याच कातड्यातून बाहेर काढतो.
नवख्या हाताला हाच बरा. चुका सोसतो.
पण आज नाही.
आधी पाणी, मग प्राणी.

म्हणून मी घरी आणला तो
वापरलेल्या स्पंजाचा तुकडा, पिशवीत गुंडाळून.
कोळशाची जुनी कोठी धुतली, टाकी मांडली.
वाळू बारीक, कारण खडा दिसला की गिळतात.
एक फुटकं कौल, पालथं, लपायला.
फिल्टर असा मंद
की पाण्याला कळूही नये, कुणी त्याला हलवतंय.
रोज अमोनियाचे मोजके थेंब,
स्पंजातल्या न दिसणाऱ्या जिवांचं जेवण.

शेजारचा बुडार डोकावला.
काय आहे यात?
पाणी.
आणि?
मुरतंय.

एका फोरमनला मी जन्मभर पाण्यात पाहिलं.
आता सात आठवडे नुसती पाण्यात पाहत बसले;
तो कुठंच नव्हता.

आठव्या आठवड्यात परीक्षानळीतला जांभळा रंग उतरला
आणि ती दोघं आली.
आली, आणि कौलाखाली गेली. संपलं.
चार दिवस मी एका शेपटीची मालकीण होते.
पाचव्या दिवशी गांडूळ चिमट्यात धरलं,
आणि अंधारातून एक रुंद, सपाट डोकं आलं,
थांबलं,
एकदम ओढून घेतलं.
माझा हात कितीतरी वेळ थरथरत होता.

चूक जुलैत झाली.
गोठवलेल्या बाटल्या टाकीत सोडत होते, दिवसातून दोनदा
(मी, जिनं उभं गाव तापवलं),
आणि एका रात्री झाकण बोटभर उघडं राहिलं.
सकाळी कौलाखाली एकच.
गुडघ्यांवर बसून शोधलं, टॉर्च दातात धरून.
कोपऱ्यात, गंजक्या फावड्यामागं,
जिथं धुवूनही उरतो तेवढा कोळसा होता,
तिथं तो.
काळा झालेला, भुकटीत लोळलेला, डोळे उघडे.

ओल्या हातानं उचलला. प्रथमच.
बरगड्या टोचल्या नाहीत.
पाण्यात सोडला तेव्हा काळा धूर निघाला त्याच्या अंगातून,
हळूहळू,
आणि खाली राखी पाठ दिसू लागली.

झाकणावर आता वीट आहे.
भट्टीतली, जुनी. एका बाजूनं अजून काळी.
तापमान: सतरा.
लिहून ठेवलंय.